नारळ आणि नारिंगी बटण

मितेशचा फोन आला तेव्हा मी कामावर, कोचिंग क्लासमध्ये, मुलांची हजेरी कॉम्प्युटरवर चढवत होते. मितेश म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सख्ख्या भावाचा मुलगा. राहायला घोडबंदर रोडला, टॉवरमध्ये. एरवी तो वाढदिवसालासुद्धा फोन करत नाही, केकचं चित्र पाठवतो. त्यामुळे नाव दिसल्याबरोबर मी ओळखलं, काहीतरी काम असणार.

"वहिनी, माझ्या लग्नात आत्याचे धवले ठेवायचे असं चाललंय," तो म्हणाला. "प्लॅनर बोलला, हळद आणि डीजेच्या मध्ये काहीतरी ट्रॅडिशनल पाहिजे. मीच आत्याचं नाव घेतलं. पण तो लिंक मागतोय."

"कसली लिंक?"

"वेबसाइटची. दोन ग्रुपनी ऑलरेडी पाठवलीय. नऊवारी-बिऊवारी, एकदम भारी. आत्याचं ऑनलाइन काहीच नाय ना! तो बोलतो, बघितल्याशिवाय फायनल कसं करू?"

माझं डोकं लवकर तापतं. दर्शनाला चहा उकळायला गॅस लागत नाही, असं माझा नवरा सगळीकडे सांगत फिरतो. पण त्या दिवशी कोणाचंही तापलं असतं. माझ्या सासूबाई, आवडाबाई, धवलारीण आहेत. आमच्या आगरी लग्नांत पूर्वी भटजी नसायचा. धवलारीण मांडवात उभी राहून धवले म्हणायची आणि त्या गाण्यांनीच लग्न लागायचं. हळद कधी लावायची, नवऱ्याला कधी उठवायचं, कुठल्या देवाला कुठल्या देवानंतर बोलवायचं, सगळं त्या गाण्यांत. आता भटजी असतो, डीजे असतो, डोक्यावर ड्रोन घोंघावत असतो. धवलारीण असली तर असते, नसली तरी कोणाचं अडत नाही.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांच्या आईनं, म्हणजे मितेशच्या आजीनं, त्याच्या बापाचं लग्न लावलं होतं. तिच्यानंतर माहेरच्या मांडवात आई उभ्या राहत. पण मितेशच्या बहिणीच्या, करिश्माच्या लग्नात त्यांना कोणी बोलवलंच नाही. म्हणजे पत्रिका आली, पण ती पाहुणी म्हणून. पाठीला रिबिनीचा बो बांधलेल्या खुर्चीत त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. घरी आल्यावर जेवल्या नाहीत. आता मितेशचं लग्न, आणि त्या घरातलं हे शेवटचं. या मांडवात त्या उभ्या राहिल्या नाहीत तर माहेरच्या मांडवात पुन्हा कधीच नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"आहे ना लिंक," मी म्हटलं. "म्हणजे बनतेय. तुळशीची लग्नं झाली की पाठवते. तोवर त्या ग्रुपवाल्यांना हो म्हणायचं नाही, सांगून ठेवते."

फोन ठेवला आणि मग मला घाम फुटला. वेबसाइट बनवणं सोडा, मी तोपर्यंत धड एक फॉर्मसुद्धा न चुकता भरला नव्हता.

धनेश, माझा नवरा, बांधकामांना रेती-विटा पुरवतो. तो म्हणाला, "अगं, इन्स्टावर एक रील टाक आणि मोकळी हो. वेबसाइट बनवायला लोक चार-चार वर्षं इंजिनीअरिंग शिकतात."

"मग मी न शिकता बनवते," मी म्हटलं.

धनेशचा जुना लॅपटॉप माळ्यावर पडून होता. तो विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या दुकानातून दुरुस्त करून आणला. क्लास सुटल्यावर दुपारी मोकळ्या वर्गात बसायला सरांची परवानगी घेतली आणि व्हिडिओ बघायला सुरुवात केली. व्हिडिओतला माणूस हिंदीत सांगायचा, दोस्तों, बस पाच मिनिट का काम है. त्याच्या पाच मिनिटांत माझा आठवडा गेला. डोमेन, होस्टिंग, टेम्प्लेट. तो भराभर बोलायचा आणि मी दर वाक्याला थांबवायचे.

मग एका दुपारी अचानक उजेड पडला. डोमेन म्हणजे प्लॉट आणि होस्टिंग म्हणजे त्याच्यावरचं बांधकाम. एवढंच! हे कोणी आधी सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता. आमच्या लोकांना जमिनीचं काही समजावून द्यावं लागत नाही. तेवढ्यात कळलं की हा प्लॉट दर वर्षी पुन्हा घ्यावा लागतो, आपल्या नावावर कायमचा होतच नाही. म्हणजे सातबारा नव्हे, भाडेपट्टा निघाला. ते ऐकून धनेश इतका हसला की त्याला ठसका लागला.

टेम्प्लेट मी फुकटातलं घेतलं. ते कुठल्यातरी परदेशातल्या योगाच्या क्लासचं होतं, पण रंग हळदीला शोभेसा होता म्हणून मला आवडलं. चटईवर वाकलेली गोरी बाई काढून तिथे आईंचा फोटो लावला. 'आमच्याविषयी' मध्ये आईंची माहिती लिहिली, ती लिहिताना चार वेळा खोडली. सगळं झालं असं वाटलं तेव्हा धनेशला दाखवलं. तो खाली खाली जात राहिला आणि म्हणाला, "हा ब्रायन कोण? आपल्या गावचा दिसत नाही."

पानाच्या तळाला 'आमची टीम' नावाखाली दाढीवाला ब्रायन अजून हात जोडून उभा होता, वरिष्ठ प्रशिक्षक म्हणून. त्याला पुसायला गेले आणि सगळं पान पुसलं गेलं. आईंचा फोटो, माहिती, सगळं. मी रागानं रडले. तोंड धुतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि यावेळी ब्रायनला सगळ्यात आधी घालवलं.

लॅपटॉपवर छान दिसणारं पान मोबाईलवर उघडलं तर आईंचं फक्त नाक आणि नथ दिसायची. ते सरळ केलं. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन यायचे, तेही सरळ केलं. प्रत्येक चुकीला मी एक शिवी घालत होते आणि एक नवी गोष्ट शिकत होते. पानाच्या अगदी वरच्या बाजूला एक नारिंगी बटण होतं, 'बुक नाऊ' लिहिलेलं. त्याचं मी 'बुक करा' केलं. त्याच्यामागे काय काय बसवलंय ते बघत बसले नाही. सगळ्यांच्या वेबसाइटला असतं, तर आपल्याला का नको, एवढाच विचार केला.

आता राहिला आवाज. धवलारणीची वेबसाइट आणि धवला नाही, हे कसं चालेल?

आई ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि मोबाईल पुढे धरला. "आई, एकच धवला म्हणा. छोटासा."

त्यांनी वर न बघता विचारलं, "कोनाचं लगीन हाय?"

"कोणाचं नाही. वेबसाइटसाठी."

"मंग कसा म्हनू? धवला लग्नालाच म्हनतान. लगीन नाय, मांडव नाय, आनि मी देवांना हाका मारू? ते येतील, पोरी. आल्यावं त्यांना काय सांगू, मोबाईलसाठी बोलवलंय?"

"अहो, खोटं खोटं म्हणायचं."

"देवाला खोटी हाक मारून बग तू," त्या म्हणाल्या आणि सूप पाखडायला लागल्या. तूस माझ्या मोबाईलवर उडालं.

मी त्यांना पुष्कळ समजावलं. मितेशचं लग्न, प्लॅनर, ते दोन ग्रुप, सगळं सांगितलं. मितेशचं नाव निघाल्यावर त्यांचा हात क्षणभर थांबला, पण उत्तर बदललं नाही. माझं डोकं पुन्हा तापलं. मी तणतणत अंगणात आले आणि तुळशीच्या कट्ट्यावर बसले. रंग देण्यासाठी कट्टा घासून ठेवला होता. तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं.

मी तशीच आत धावले. "आई, तुळशीचं लग्न हे लग्नच ना?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग त्यांच्या तोंडावर हळूच हसू आलं. "हाय ना. आनि नवरी आपल्याच घरची हाय."

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी आईंनी लुगडं नेसलं, अंबाड्यात अबोलीची वेणी माळली. उसाचा मांडव झाला. धनेशनं शेजारच्यांना सांगून त्यांचा स्पीकर बंद करवला, पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मात्र कोणी थांबवू शकलं नाही. मी मोबाईल दाराच्या कडीला बांधला होता. आई तुळशीसमोर उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि पहिल्या देवाला हाक मारली. जाडसर, खरखरीत आवाज, एकाच चालीत पुढे जाणारा, कुठेही घाई नाही. लग्न करून या घरात आल्यापासून मी तो आवाज ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. ही बाई करिश्माच्या लग्नात खुर्चीवर गप्प बसून होती, या विचारानं मला पुन्हा राग आला आणि रडूही आलं. व्हिडिओत शेवटी नाक ओढल्याचा आवाज आहे तो माझाच.

तो व्हिडिओ पानावर बसवायला आणखी दोन दुपारी गेल्या. मग मी मितेशला लिंक पाठवली. आमच्या घराचं, आमच्या माणसाचं, मी स्वतः बनवलेलं काहीतरी आता कोणालाही कुठूनही दिसणार होतं.

दुसऱ्याच दिवशी क्लासमध्ये असताना मोबाईलवर मेल आला. नवीन बुकिंग. नाव मितेश, कार्यक्रम विवाह, ठिकाण घोडबंदर रोडवरचा एक हॉल, वेळ पंधरा मिनिटं. खाली लिहिलं होतं, कन्फर्म्ड. मी काउंटरमागे एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या. सर केबिनमधून बघायला आले.

येताना ठाकुर्लीच्या दुकानातून गरम जिलेबी घेतली. आमचं गाव तिथून पुढे आहे, म्हणजे गाव म्हणायची पद्धत आहे. चारी बाजूंनी बिल्डिंगा आणि मध्ये आमची एक गल्ली. गल्लीच्या तोंडापासूनच मी ओरडत आले, "आई, आमंत्रण आलं! मितेशच्या लग्नाचं आमंत्रण आलं!"

आई ताडकन उठल्या. ओले हात पदराला पुसले, पदर डोक्यावर घेतला, उंबऱ्याशी आल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे गल्लीत बघायला लागल्या.

"कोन आलंय?"

"कोणी नाही. मोबाईलवर आलंय. हे बघा."

त्यांनी मोबाईलकडे बघितलं नाही. आणखी थोडा वेळ गल्लीतच बघत राहिल्या. मग पदर खाली घेतला आणि आत जाऊन बसल्या.

"आई, मितेशनं बुक केलंय तुम्हाला. नक्की झालं."

"नारल कुठं हाय?"

मी जिलेबीचा पुडा खाली ठेवला.

"परश्याच्या घरचा कोनीतरी येल," त्या शांतपणे सांगायला लागल्या. परश्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ परशुराम, मितेशचे वडील. "उंबऱ्याव नारल ठेवल, इडा ठेवल. कोनाचं लगीन ते सांगल. मंग मी उठतंय. माजी आयस तशीच जायाची, मी पन तशीच जातंय. मानानं बोलवल्याशिवाय मांडवान गेली ती बाय पावनी. धवलारीन नाय."

"पण तो विसरला नाही हो. त्यानं बटण दाबलंय ना!"

"मंग बटनाला म्हनू दे धवला."

जिलेबी तशीच गार झाली. मी बाहेर येऊन मितेशला फोन लावला आणि सांगितलं की एकदा घरी येऊन जा, नारळ घेऊन. त्याला खरंच कळेना. "वहिनी, मी बुक केलं, कन्फर्म पण आलं. फुगे उडाले स्क्रीनवर. आता परत कशाला? आणि घोडबंदरचं ट्रॅफिक माहितीय ना तुला? सुट्टीच्या दिवशी तर वाट लागते."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडणार काय? तो काही खोटं बोलत नव्हता. लॅपटॉप उघडून मी त्या बटणामागे काय आहे ते पहिल्यांदा नीट बघितलं. कोणीही तारीख घातली की ते स्वतःच हो म्हणायचं, अभिनंदन करायचं आणि वर फुगे उडवायचं. योगाच्या क्लासला ते ठीकच होतं. पण माझ्या सासूच्या वतीनं, सासूला न विचारता, एक नारिंगी बटण हो म्हणून बसलं होतं, आणि ते तिथे मी ठेवलं होतं. माझ्या स्वतःच्या लग्नात माझी आई नारळ घेऊन आमच्या धवलारणीच्या दारात गेली होती. ती परत येईपर्यंत घरात कोणी हळदीच्या जात्याला हात लावला नव्हता. हे मला परक्या माणसानं शिकवायला हवं होतं असं नाही. मला माहीतच होतं, तरी मी आमच्या घराला असा दरवाजा बसवला की कोणाला यायचीच गरज उरू नये.

धनेश म्हणाला, "आता राहू दे. लग्नाच्या दिवशी आईला गाडीत घालून नेऊ. तिथे गेली की म्हणेलच."

"म्हणतील किंवा न म्हणतील," मी म्हटलं, "पण जातील त्या पाहुणी म्हणूनच. तशा त्या एकदा जाऊन आल्यात."

करिश्माच्या लग्नानंतरचं त्यांचं न जेवणं त्यालाही आठवत होतं.

पुढच्या दुपारी मी कामाला लागले. पहिल्यांदा ते फुगे काढले. मग बटणामागचा फॉर्म काढला. त्याला धक्का लावला तर पुन्हा सगळं पान जाईल अशी भीती होती, म्हणून आधी सगळ्याची कॉपी करून ठेवली. ब्रायननं तेवढं शिकवलं होतं. बटण ठेवलं, पण त्यावर लिहिलं 'घरी या'. ते दाबलं की नकाशा उघडायला हवा होता. आता नकाशावर आमचं घरच नव्हतं! आमची सगळी गल्ली त्यानं शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये ढकलली होती. मी मोबाईल घेऊन उंबऱ्यावर उभी राहिले आणि आमच्या घराची खूण टाकली. पहिली खूण नाल्यात पडली. दुसरी शेजारच्यांच्या मोरीवर. तिसरी बरोबर उंबऱ्यावर बसेपर्यंत मी तिथून हलले नाही. आई आतून बघत होत्या.

खाली मी लिहिलं: "आवडाबाईंना बोलवायचं असेल तर घरी या. लग्नघरच्या माणसानं यावं. नारळ आणि विडा आणावा. कोणाचं लग्न ते उंबऱ्यावर सांगावं. फोनवर, मेसेजवर किंवा बटण दाबून आमंत्रण घेतलं जात नाही."

आता मितेशचं बुकिंग उरलं. ते रद्द केलं की त्याला आपोआप इंग्रजीत मेल जाणार होता. ते इंग्रजी कुठे लपवलंय ते शोधून काढलं, पुसलं आणि त्या जागी तीच मराठी वाक्यं घातली. धनेश मागे येऊन उभा राहिला होता.

"दर्शना, विचार कर. आईचं माहेर आहे. रागानं दुसऱ्या ग्रुपला हो म्हटलं तर? हातात आलेलं लग्न घालवशील."

"हातात कुठे आलंय? मोबाईलवर आलंय."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

कोणी आलं नाही, तर आईंचा शेवटचा मांडव माझ्या हातानं गेला, हे मला आयुष्यभर बोचलं असतं. पण त्या खुर्चीवर त्यांना पुन्हा बसलेलं बघणं मला त्याहून सोसवलं नसतं. स्क्रीननं विचारलं, नक्की रद्द करायचं? मी दाबलं.

मितेशचा फोन आला नाही, मेसेज आला नाही. केकचं चित्रसुद्धा नाही. त्या आठवड्यात प्लॅनरचा मात्र एक मेल आला, की वेळेअभावी ते इतर पर्याय बघत आहेत, धन्यवाद. तो वाचून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. धनेशला कळलं, पण तो "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. आईंना मी काहीच सांगितलं नाही. एक दिवस घरी आले तर त्यांचं ते लुगडं अंगणात वाळत होतं. संध्याकाळी त्यांनी ते काढलं, घडी घातली आणि परत पेटीत ठेवून दिलं.

वेबसाइट बंद करावी असं माझ्या मनात दोनदा आलं. पण बंद केली नाही. लिहिलेलं एक अक्षर खोटं नव्हतं, मग का काढायची?

रविवारी सकाळी मी ओटी पुसत होते. गल्लीतून एका बाईचा सपाट, यांत्रिक आवाज आला, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात."

मी मान वर केली. पांढऱ्या शर्टातले परशुराममामा गल्लीत उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. मागे मितेश, हातात मोबाईल धरून. गाडी गल्लीत शिरत नाही, त्यामुळे दोघेही मेन रोडपासून चालत आले होते आणि घामाघूम झाले होते. मामा आमच्या घराकडे बघत होते, मग शेजारच्या घराकडे, मग पुन्हा आमच्याकडे.

"दर्शना, याच घर ना गो?" त्यांनी विचारलं. "हितं चिच होती."

"चिंच कधीच तोडली, मामा. तुम्ही आला नाहीत ना त्यानंतर."

मामांनी मान खाली घातली. भांडण कधीच नव्हतं. फोन होता, व्हिडिओ कॉल होता, दिवाळीला फराळाचा डबा ड्रायव्हरबरोबर यायचा. यायची वेळच आली नव्हती.

"माझ्या बायच्या घरची वाट मी मोबाईलला इचारीत आलू," मामा म्हणाले. मोठ्या बहिणीला, आईंना, ते बाय म्हणतात.

मितेश मला हळूच सांगायला लागला, "मी तुझा तो मेल पप्पांना दाखवला. बोललो, बघा, आत्या कशी करते. तर पप्पा वाचून एकदम गप्प झाले. दोन दिवस बोललेच नाहीत. आज सकाळी उठले आणि बोलले, गाडी काढ."

आत भांड्यांचा आवाज चालला होता. तो थांबला.

"दर्शने, कोन हाय?" आईंनी आतून विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी हात वर करून मला थांबवलं. काठी मितेशकडे दिली. भिंतीचा आधार घेत गुडघा वाकवला, पिशवीतून नारळ काढला, विडा काढला आणि दोन्ही आमच्या उंबऱ्यावर ठेवले. माझ्या मोबाईलनं जिथे खूण टाकली होती, बरोबर तिथेच.

मग आईंनी विचारलं, कोणालाही विचारतात तसंच, "कोनाचं लगीन हाय?"

"बाय," मामा म्हणाले, "आपल्या मितेशचं."

आई बाहेर आल्या. पदर डोक्यावर होता. खाली वाकून त्यांनी नारळ उचलला, कपाळाला लावला आणि भावाच्या दंडाला धरून त्याला उभं केलं. मग मितेशकडे बघितलं.

"मना किती वेल म्हनायचं हाय र? पंधरा मिनटं?"

मितेश कानापर्यंत लाल झाला. "आत्या, तू बोलशील तेवढा वेळ. प्लॅनरला मी सांगतो."

"देव सांगतील तवर," आई म्हणाल्या. "दर्शने, पानी आन. आनि पेटीतलं लुगरं काढ, परत उनाला घाल."

मी आत वळले. मागून मामा विचारत होते, चिंच कोणी तोडली, कधी तोडली, आणि आई सांगत होत्या, अगदी सावकाश, जणू तो कालच येऊन गेला होता आणि मधलं काहीतरी सांगायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी दोघे गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. नकाशाखाली आमचा पत्ता होता, आजूबाजूच्या इमारतींची नावं, लँडमार्क, पिनकोड, सगळं बरोबर. त्याच्याही वर मी आणखी एक ओळ घातली: जिथे चिंच होती, ते घर.